आकडा पक्ष्यांचा, पातळी पाण्याची : नांदूर मध्यमेश्वरच्या हिवाळी नोंदी

२६ ऑक्टोबर

जुन्या याद्या एकत्र केल्या. काही वह्यांत, काही ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, एक तर चक्क कॅलेंडरच्या पाठीमागे. एका जानेवारीत चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यासमोर बदकंच बदकं. पुढच्या जानेवारीत त्याच मनोऱ्यावरून निम्म्याहून कमी. त्याच्या पुढच्या वर्षीही तेवढीच कमी. यादीखालचे शेरे ठरलेले: 'यंदा पक्षी कमी आले', 'थंडी उशिरा पडली', 'हवामान बदललं'. त्या दिवशी पाणी किती होतं, हे मात्र एकाही यादीत नाही.

आणि इथं पाण्याचंच तर सगळं आहे. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरला, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, इंग्रजांच्या अमदानीत शेतीसाठी बंधारा घातला. त्याच्या फुगवट्यात शंभरेक वर्षं गाळ साठत गेला, गाळाची बेटं झाली, बेटांवर गवत आणि पाणकणीस माजलं आणि पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झालं, २०१९ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. त्या यादीतली महाराष्ट्रातली ती पहिलीच जागा. पावसाळ्यात 'नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक' ही बातमी मराठवाडा रोज डोळ्यांत तेल घालून वाचतो. हिवाळ्यात पक्षी मोजायला जाणारे आम्ही मात्र तेच पाणी हिशेबात धरत नाही.

तेव्हा या हिवाळ्याचा बेत असा: ठरावीक तीन जागांवरून दर पंधरवड्याला मोजणी. दोन चापडगावकडच्या, एक खाणगाव थडीची. प्रत्येक वेळी पक्ष्यांच्या आकड्यासोबत तीन गोष्टी लिहायच्या: पाण्याची पातळी, उघडा पडलेला चिखल आणि जलपर्णीनं व्यापलेला भाग. वनविभागाची पक्षीगणना होतच असते, तिच्याशी स्पर्धा नाही. आम्हाला एवढंच बघायचंय, की पाणी बोटभर चढलं-उतरलं तर आमचा आकडा किती हलतो.

गटात सर आहेत (निवृत्त झाले, पण तक्ता बघितला की अजून लाल पेन काढतात), चापडगावचे गाईड दादा आहेत, दोन कॉलेजची मुलं आणि मी.

५ नोव्हेंबर

आजपासून पक्षी सप्ताह. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, १२ तारीख सालिम अलींच्या. दोन्हींच्या मधला आठवडा राज्य सरकारनं २०२० पासून पक्ष्यांच्या नावे केलाय. त्यामुळे मनोऱ्यावर गर्दी. शाळेच्या सहली, नवे कॅमेरे, नव्या टोप्या.

पाणी मात्र काठोकाठ. बाभळींचे बुंधे पाण्यात. समोर नजर जाईल तिथवर चकाकतं पाणी, आणि त्यावर म्हणावं तसं काहीच नाही. एका मुलीनं विचारलं, "ताई, परदेशी पक्षी कुठंयत?" प्रश्न रास्त होता. हळदी-कुंकू बदकं होती, अडई होत्या, जलपर्णीच्या कडेनं जांभळ्या पाणकोंबड्या भरपूर आणि कमळपक्षी. ही सगळी घरची मंडळी. पाहुण्यांपैकी भुवई बदकं दिसली. ती तशीही सगळ्यांच्या आधी येतात. काठावर पिवळे धोबी.

गर्दीतल्या एका गृहस्थांनी निकाल देऊन टाकला: "यंदा काही खरं नाही." नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात! सर काहीतरी बोलणार होते, पण चष्मा पुसत बसले.

१५ नोव्हेंबर

खांब रोवला. वनविभागाची लेखी परवानगी हातात पडायला वेळ लागला, पण पडली.

बांबू नको असं आधीच ठरलं होतं. पाण्यात कुजतो, शिवाय कुणीतरी उपटून नेतो. लोखंडी पाइप घेतला, दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरा पट्टा, म्हणजे मनोऱ्यावरून स्कोपनं (तिकाटण्यावरच्या दुर्बिणीनं) वाचता येईल. खरी चर्चा झाली ती शून्य कुठं धरायचं यावर. सरांचं म्हणणं, तळाशी. मला ते पटेना. तळापासून दीड मीटर पाणी आहे हे कळून पक्ष्यांबद्दल काय कळतं?

तोडगा काढला तो पलीकडच्या मळ्यातल्या आबांनी. ते बांधावर उभे राहून आमची गंमत बघत होते. म्हणाले, "तिथं म्होरं चिखलाची पाठ हाय. उन्हाळ्यात उघडी पडती. आत्ता पान्याखाली हाय, पन हाय तिथंच." त्या पाठीचा वरचा माथा म्हणजे शून्य, असं ठरलं. खांब पन्नास दाखवत असेल तर पाठ पन्नास सेंटिमीटर पाण्याखाली. उणे दाखवत असेल तर पाठ उघडी. एका आकड्यात पाणीही आलं आणि चिखलही.

आजचं वाचन: अधिक ६२.

२३ नोव्हेंबर

सकाळची मोजणी आटपून दुपारी सरांच्या घरी तालीम. ताटात मूठभर तांदूळ टाकायचे, पाच सेकंद बघायचं, झाकायचं, आकडा लिहायचा, मग दाणे मोजायचे. मुलांना आधी हसू आलं, मग इरेला पेटली. शंभराच्या आत सगळ्यांचे अंदाज जवळपास येतात. तीनशेच्या पुढं गेलं की बहुतेक जण कमीच सांगतात. थव्याचंही तसंच होतं: थवा दाट आणि मोठा असला की माणसाचा आकडा खऱ्यापेक्षा खाली राहतो.

उपाय जुनाच आहे. थव्याच्या एका टोकाला दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढी रुंदी नजरेत धरायची आणि ती पुढं पुढं ठेवत जायचं. मोठ्या थव्याला पन्नासाचा ठोकळा. दोघांनी स्वतंत्र मोजायचं, एकमेकांना न सांगता लिहायचं. दोन आकड्यांत फार फरक पडला तर सरासरी काढायची नाही, पुन्हा मोजायचं. फोटो काढता आला तर काढायचा आणि घरी गेल्यावर पडद्यावर एकेक ठिपका टिपायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण डोळा त्यानंच सुधारतो.

खांब: अधिक ४८.

७ डिसेंबर

अधिक ३१. आणि बदकं उतरलीत!

काय झालं ते समजायला पक्ष्यांची अंगं बघावी लागतात. डुबकी न मारणारी बदकं पाण्यावर तरंगतात आणि शेपूट वर, डोकं खाली करून तळातलं खातात. त्यांची मान आणि धड मिळून जिथवर पोचेल तेवढंच त्यांचं ताट. तलवार बदकाची मान लांब, त्याला हातभरापेक्षा थोडं कमी पाणी चालतं. चक्रांग बुटका, त्याला वीतभर पाणी हवं. पाणी ६२ होतं तेव्हा तळ सगळ्यांच्याच आवाक्याबाहेर होता. आज पाठीच्या आसपासचा पट्टा तलवार बदकांच्या मापात आलाय आणि ती नेमकी त्याच पट्ट्यात होती, इकडं ना तिकडं. नकाशावर टिपली तर पाठीची रूपरेषाच उमटली. आबा खरं बोलले होते.

थापट्यांना खोलीची फिकीर नाही. त्यांची चोच फावड्यासारखी रुंद, कडेला बारीक दातऱ्यांची चाळण. पृष्ठभागावरचं पाणी आत घ्यायचं, बाहेर सोडायचं, बारीक जीव आत राहतात. आज सत्तरेक थापटे गोल फिरत होते, प्रत्येकाची चोच पुढच्याच्या शेपटीमागच्या पाण्यात. सगळ्यांच्या पायांनी पाणी घुसळलं जातं आणि खालचं वर येतं, त्याचा फायदा मागच्याला. दहा-बारा मिनिटं ते चक्र चाललं, मग आपोआप मोडलं. मोजायला मात्र वैताग. फिरत्या चक्रात कुठून सुरुवात केली तेच विसरायला होतं.

लालसरी मधल्या खोल पाण्यात, बुडी मारून खातात, त्यांना आमच्या पाठीशी देणंघेणं नाही. वारकरी सगळीकडे.

साडेनऊला दलदली भोवत्या आला. पाणकणसावरून खालून खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून. वारकऱ्यांनी पटापट एकत्र येऊन दाट गठ्ठा केला, बदकं उठली, दोन चकरा मारून उतरली, पण वेगळ्याच क्रमानं. उरलेली मोजणी नव्यानं. भोवत्याला काहीच मिळालं नाही.

८ डिसेंबर

धुकं. साडेनऊपर्यंत खांबही दिसेना. मोजणी नाही. तक्त्यात रकाना कोरा ठेवला, शून्य लिहायचं नाही. शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं.

२१ डिसेंबर

निफाडचा पारा पुन्हा पेपरात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला तो आकडा वाचून मुंबईकरांना हुडहुडी भरते. आम्ही त्यात उभे होतो. स्कोपच्या धातूला बोट लावू नये. द्राक्षवाल्यांनी मळ्यांत रात्री शेकोट्या केलेल्या, धूर पाण्यापर्यंत आला होता.

खांब: उणे ६. पाठ उघडी पडली.

तीन आठवड्यांपूर्वी जिथं नुसतं पाणी होतं, तिथं आता पंचवीस-तीस पावलं लांबीचा काळा, चकचकीत चिखल. आणि त्यावर अक्षरशः वाहतूक. कोण कुठं आहे ते पायांवरून ठरतं. चिखलाच्या ओल्या माथ्यावर आणि पाण्याच्या अगदी काठाला स्टिंट, शिलाईच्या मशिनसारखे टोचे मारत. त्यांचे पाय दोन बोटांएवढे. त्याच्या बाहेर, चार बोटं पाण्यात तुतवार आणि रफ. त्याच्या बाहेर वीतभर पाण्यात शेकाटे, लांब गुलाबी पायांवर तोल सांभाळत, आणि त्यांच्यासोबत गॉडविट, चोच मुळापर्यंत चिखलात. मग मोर शराटी, चमचे, चित्रबलाक. चित्रबलाक उघडी चोच पाण्यात धरून उभा राहतो. मासा चोचीला लागला की मिटतो. त्याच्या डोळ्यांचं काम तिथं फारसं नाही, म्हणून गढूळ पाणीही त्याला चालतं.

सात-आठ जातींची ही उतरंड सगळी मिळून पंधरा-वीस मीटरात बसली होती. पाठ अजून वीतभर पाण्याखाली असती तर यातले निम्मे आले नसते, आणि यादीखाली आम्हीही 'कमी आले' असं लिहून मोकळे झालो असतो.

पट्टकदंब आले. पलीकडच्या बेटावर, डोक्यावर दोन काळे पट्टे. तिबेटच्या पठारावर, लडाखात, मंगोलियात वीण करून हिमालय ओलांडून येणारा पक्षी. सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद आहे. इथं मात्र हरभऱ्याच्या शेतात चरायला जातात, याचं शेतकऱ्याला कौतुक नसतं. एकाच्या गळ्यात रंगीत पट्टी होती. अशी पट्टी संशोधक घालतात, तिच्यावर अक्षर-आकडे असतात. स्कोप साठपटीवर नेला तर हवा थरथरत होती. पहिलं अक्षर वाचता आलं, पुढचं नाही. कॉलेजच्या मुलानं फोनवर व्हिडिओ घेतलाय, एकेक चौकट थांबवून बघतो म्हणाला.

चक्रवाक जोडीजोडीनं, बेटाच्या कोरड्या टोकाला. त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर.

२९ डिसेंबर

खांब: अधिक २४!

आठ दिवसांत तीस सेंटिमीटर चढलं. पाऊस नाही, काही नाही. दादांना फोन केला तर म्हणाले, "आवर्तन सुटलंय ताई. वरच्या धरणांतून पाणी आलंय. गहू-कांद्याला नको का?"

हवंच. बंधारा त्याचसाठी आहे. वरून नदीत सोडलेलं पाणी इथं तुंबवायचं आणि दोन्ही कालव्यांना द्यायचं. कालव्याच्या तोंडाला पाणी चढावं म्हणून आवर्तन चालू आहे तोवर इथली पातळी वर धरून ठेवतात.

पाठ गेली पाण्याखाली. स्टिंट, तुतवार, रफ: आमच्या तिन्ही जागांवरून मिळून बोटावर मोजण्याइतके. शेकाटे काठाच्या गवतात अंग चोरून. चक्रांगही पांगले. लालसरी आणि वारकरी आहेत तसेच, उलट लालसरी थोड्या वाढल्यासारख्या. तलवार बदकांनी जागा बदलली, मनोऱ्यापासून लांब, वरच्या अंगाला जिथं काठ उतरता आहे तिथं.

सर तक्त्याकडे बघत म्हणाले, "आपल्याला प्रयोग करायचा झाला असता तर यापेक्षा चांगला जमला नसता."

४ जानेवारी

गेले कुठं? दोघं-दोघं होऊन बाहेर पडलो, एक जोडी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, एक जोडी वरच्या गावांकडे.

बंधाऱ्याखाली खडकाळ पात्रात डबकी राहिलीत, तिथं तुतवार आणि पांढरे धोबी. स्टिंट सापडले ते अनपेक्षित जागी: नुकतंच पाणी भरलेल्या कांद्याच्या वाफ्याशेजारी, शेततळ्याच्या सांडव्यावर. आवर्तनानं इकडचा चिखल बुडवला आणि शेतात नवा चिखल केला. शेतकरी म्हणाला, "ही चिमणी नाय ना? मग राहू द्या."

सगळे सापडले असा दावा नाही. पण एवढं कळलं, की अभयारण्याची हद्द कागदावर आहे. पक्ष्यांची हद्द त्या आठवड्यात जिथं चार बोटं पाणी असेल तिथवर.

पट्टीवाल्या पट्टकदंबाचा व्हिडिओ: दुसरं अक्षर दोघांना दोन वेगळी दिसतात. कळवायचं नाही असं ठरलं. चुकीचा क्रमांक कळवणं हे न कळवण्यापेक्षा वाईट.

११ जानेवारी

आशियाई पाणपक्षी गणना. १९८७ पासून दर जानेवारीत चालते, वेटलँड्स इंटरनॅशनलच्या पुढाकारानं. भारतात बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सोबत आहे. जानेवारीच, कारण हिवाळ्याच्या मध्यावर पक्ष्यांची ये-जा सगळ्यात कमी असते. नोव्हेंबरात ते अजून येत असतात, मार्चात निघालेले असतात. सगळीकडे एकाच सुमारास मोजलं की एकच पक्षी दोन तलावांवर दोनदा मोजला जाण्याची शक्यता घटते. रामसरच्या निकषांतही असे आकडे लागतात: वीस हजार किंवा जास्त पाणपक्षी नियमित असणं, किंवा एखाद्या जातीच्या त्या टापूतल्या संख्येचा एक टक्का तरी एका जागी असणं.

खांब: अधिक १९. आवर्तन अजून चालू.

सूर्योदयाला सुरुवात, दहापर्यंत संपवलं. त्यानंतर पाण्यावरची हवा हलायला लागते आणि लांबची बदकं नुसती ठिपके होतात. दोन स्वतंत्र मोजण्या, एक लिहिणारा, एक भोवत्यावर नजर ठेवणारा. वारकरी, लालसरी, थापटे भरपूर. चिखलातले जवळपास नाहीत. नदी सुरय खांबावर येऊन बसला आणि उठेना. वाचन त्याच्या शेपटीखालून करावं लागलं.

अर्जावर शेरा लिहिला: 'आवर्तन चालू, चिखलाची पाठ पाण्याखाली १९ सेंमी.' कुणी वाचेल न वाचेल.

१३ जानेवारी

एका पत्रकाराचा फोन. "यंदा किती टक्के घट?" दादांकडून त्याला आमच्या जुन्या आणि नव्या याद्या मिळाल्या होत्या आणि चिखलातल्या पक्ष्यांचे आकडे त्यानं आधीच वजा करून ठेवले होते. मी डिसेंबरचे आकडे सांगितले, खांबाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे घट नाही?" म्हटलं, आज इथं कमी आहेत; देशात आलेच कमी की इथून चार किलोमीटर सरकले, हे या एका जागेच्या एका दिवसावरून सांगता येत नाही. बातमी आली ती 'पाहुण्यांनी फिरवली पाठ' अशा मथळ्याची. पाठ हा शब्द तरी बरोबर होता.

२ फेब्रुवारी

जागतिक पाणथळ दिवस. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी करार झाला. शाळेची मुलं आली होती. भाषणं झाली. मुलांनी भाषणांच्या वेळी खांबाचं वाचन करून दाखवलं (अधिक ११), हे जास्त उपयोगी.

आज मुक्काम जलपर्णीवर. ती इथं उगम पावत नाही, वरून येते. नाशिक शहरातून येणाऱ्या नदीत सांडपाण्याचं खत आयतं मिळतं, तिथं ती फोफावते, प्रवाहाबरोबर येते आणि बंधाऱ्याला अडून साचते. गावात तिला पाणवेली म्हणतात. तिच्याबद्दल सरसकट वाईट बोलायची पद्धत आहे आणि बरंचसं खरंही आहे: खाली ऊन पोचत नाही, पाणवनस्पती मरतात, सडली की पाण्यातला प्राणवायू खाते, बदकांना उतरायला उघडं पाणी उरत नाही. पण आमच्या तक्त्यात जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी तिच्यावरच आहेत, वंचक तिच्या काठावर बसून मासे मारतो. थोडी असली तर काठ वाढतो, सगळीकडे पसरली तर काठच संपतो. म्हणून 'आहे/नाही' असं लिहून चालत नाही. मनोऱ्यावरून दिसणाऱ्या पाण्याचे दहा भाग कल्पून किती भाग झाकले ते लिहितो. आज दहात तीन. नोव्हेंबरात दोनपेक्षा कमी.

१६ फेब्रुवारी

आवर्तन थांबलंय. खांब: उणे ९.

पाठ उघडी, आणि डिसेंबरचीच उतरंड पुन्हा हजर. तुतवार, रफ, शेकाटे डिसेंबरपेक्षा जास्तच निघाले. 'जानेवारीत कमी, फेब्रुवारीत वाढ' असं कुणी नुसत्या आकड्यांवरून लिहिलं असतं तर कारणं शोधायला उत्तर ध्रुवापर्यंत जावं लागलं असतं. कारण इथंच, कालव्याच्या दरवाजात होतं.

अर्थात सगळं पाण्यावर ढकलता येत नाही. पट्टकदंब डिसेंबरपेक्षा कमी आहेत आणि त्याचा खांबाशी संबंध दिसत नाही. तलवार बदकं पातळी उतरूनही आधीच्या संख्येला पोचली नाहीत. काही निघाली असतील. करकरा क्रौंच मनोऱ्यावरून एकदाच, उंचावरून जाताना, उतरले नाहीत. तक्त्यात त्यांच्या पुढं 'वरून' असं लिहिलं, मोजणीत धरलं नाही.

९ मार्च

बदकं थोडकी राहिलीत. थापटे अजून आहेत, ते बहुधा उशिरापर्यंत रेंगाळतात. पाण्यावर पाणभिंगऱ्या.

आज महत्त्वाचं काम कागदावरचं. बंधाऱ्याच्या पातळीची रोजची नोंद पाटबंधाऱ्याच्या लोकांकडे असतेच. त्यांना पाणी वाटायचं असतं, पक्ष्यांशी त्यांचा संबंध नाही, पण आकडा तोच. फेब्रुवारीत लेखी अर्ज दिला होता, मागच्या तीन जानेवारींच्या पातळ्या मागितल्या. मिळाल्या. या हिवाळ्यातल्या ज्या दिवशी आम्ही खांब वाचला, त्या दिवसांच्या त्यांच्या पातळ्याही घेतल्या. दोन्ही शेजारी मांडल्या तर फरक जवळपास सारखा निघतो, दोन-तीन सेंटिमीटर इकडं-तिकडं. म्हणजे त्यांच्या जुन्या पातळीवरून त्या दिवशी पाठ उघडी होती की बुडालेली, याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, कारण दर पुरात गाळ सरकतो, पाठ वाढते किंवा झिजते. पुढच्या ऑक्टोबरात शून्य नव्यानं बसवावं लागेल.

मग जुन्या याद्या उघडल्या. 'बदकंच बदकं'वाली जानेवारी: पाठ उघडी किंवा जेमतेम झाकलेली. 'निम्म्याहून कमी'वाली: आजच्या हिशेबानं पाठ अर्धा मीटर पाण्याखाली. सरांनी लाल पेनानं दोन्हीला बरोबरची खूण केली.

तिसरी बसत नाही. त्या वर्षी पाणी उतरलेलं होतं, चिखल उघडा असणार, तरी बदकं कमी. सरांनी तिथं प्रश्नचिन्ह काढलं आणि ते पुसू नका म्हणाले. दादांना आठवतं की त्या साली पाणवेली फार होत्या, "पार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत." पण आठवण तक्त्यात चालत नाही, तारखेचा पुरावा हवा. गावातल्या गटांवर निरोप टाकला: त्या जानेवारीत पाण्याच्या बाजूला कुणी फोटो काढले असतील तर पाठवा, पक्षी नसला तरी चालेल.

संध्याकाळी दादांच्या मावसभावाच्या लग्नाआधीच्या फोटोंची फाईल आली. नवरा-नवरी एकमेकांकडे बघतायत, मागं आमचं पाणी, आणि त्यावर कडेपासून कडेपर्यंत हिरवं. फाईलवर तारीख आहे. दहात सात भाग तरी झाकलेले. एका फोटोवर निकाल लावायचा नाही असं ठरलंय; त्याच आठवड्यातले आणखी दोन-तीन हवेत, दुसऱ्या कोनातून. मुलांनी ओळखीच्या छायाचित्रकारांची यादी करायला घेतलीय.